गाळ्यावरचा मोजा

भोंगा वाजला की माझी मान आधी वर जाते, पाय नंतर हलतात. ही सवय बाबांनी लावली. बाबा रत्नागिरीकडच्या गावातून आले आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका केमिकल कंपनीत हेल्पर म्हणून लागले. आमची खोली कंपनीपासून चालत दहा मिनिटांवर होती. कंपनीच्या छपरावर एका खांबाला नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची लांबलचक कापडी नळी बांधलेली असायची. एका टोकाला रुंद तोंड, दुसऱ्या टोकाला निमुळतं शेपूट. वारा तोंडातून शिरायचा आणि तो जाईल तिकडे शेपूट उडायचं. इंग्रजीत त्याला विंडसॉक म्हणतात. बाबा नुसतं मोजा म्हणायचे.

"शेपूट जिकडे, गॅस तिकडे," ते सांगायचे. "शेपटाकडे पळायचं नाही, तोंडाकडे पळायचं. आधी मोजा बघायचा, मग पाय उचलायचा."

बाकीच्या पोरांचे बाप पाढे म्हणून घ्यायचे. माझे बाबा वाण्याकडे जाताना मध्येच थांबून विचारायचे, "वाजला भोंगा! कुठे पळशील?" चुकीचा हात दाखवला की डोक्यात टप्पल. मला ती गंमत वाटायची. मग मी सातवीत असताना एके दिवशी बाबा कामावरून आले ते डोळे सुजवूनच. दोन दिवस खोकत होते. आई शेजारणीला सांगत होती की मोजा बघून पळाले म्हणून हे घरी आले, शेजारी काम करणारा न बघताच पळाला. त्याचं पुढे काय झालं ते आईनं माझ्यासमोर सांगितलं नाही. त्या दिवशी जी भीती पोटात जाऊन बसली ती अजून तिथेच आहे. माझी जीभ तिखट, त्यामुळे लोकांना मी धीट वाटते. मी अजिबात धीट नाही.

शिकून मी याच पट्ट्यात एका कंपनीच्या ऑफिसात लागले. पंधरा वर्षं हजेरीपट सांभाळले, आणि मॉक ड्रिलही माझ्याच गळ्यात, कारण बाकी कुणी ती मनावर घ्यायचं नाही. नाकातोंडावर ओला कपडा कसा बांधायचा, गर्दीत घोळका करून कसं चालायचं, हे मी शे-दोनशे माणसांना हातवारे करून शिकवायचे. कंपनी बंद पडली आणि ओळखीतून ही नोकरी मिळाली. महापेच्या एका जुन्या गाळ्यात, जिथे पूर्वी पुठ्ठ्याचे खोके बनायचे, तिथे एका ट्रस्टनं परदेशी कलाकारांसाठी जागा केली आहे. वर राहायच्या खोल्या, खाली कामाचा मोठा हॉल. कुठून कुठून कलाकार येतात, दोन-तीन महिने राहतात, काहीतरी करतात, शेवटी लोकांना दाखवतात आणि जातात. बाकीचं सगळं मी बघते. पोलिसांकडे भरायचा परदेशी पाहुण्यांचा फॉर्म, पाण्याचे जार, वेल्डर, पोट बिघडलं तर डॉक्टर. कुणाला शंभर फुटक्या कपबश्या हव्या असतात, कुणाला वाशीच्या मार्केटातला नासका कांदा गोणीभर. आणून देते. का, असं विचारत नाही. पहिल्या वर्षी विचारायचे, पण उत्तरं इतकी लांबलचक यायची की सोडून दिलं.

आमच्या फाटकासमोर एका मावशीची चहाची टपरी आहे. साठीच्या पुढची, आगरी, खाडीकडच्या गावातली. गुडघे गेलेले, हिरवं नऊवारी लुगडं, आणि आवाज असा की गल्लीच्या त्या टोकाला ट्रकवाला दचकेल. तिच्या सासऱ्यांची शेती याच जागेवर होती. मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "तुमचा हॉल हाय ना बाय, तितं आमचा भात व्हायचा. आता काय पिकवताव तुमी?" मी म्हटलं, अजून कळलं नाही, कळलं की सांगते. तेव्हापासून आमचं जमलं.

आमची गल्ली अशी आहे, की एका टोकाला हायवे आणि पलीकडे खाडी, दुसऱ्या टोकाला डोंगर. दोन्ही बाजूंना गाळे आणि कंपन्या. भोंगा वाजला तर कंपन्यांच्या आतली माणसं आपापल्या सुपरवायझरमागे ठरलेल्या जागी जातात. फाटकाबाहेरच्यांना कुणी वाली नाही. ड्रायव्हर, हमाल, टपरीवाले वाट फुटेल तिकडे पळतात. म्हणून आल्या आल्या मी मावशीची शाळा घेतली. ती हसली. "वारा क डोल्यांनी बगायचा? आंगाव कलते ना."

"अंगावर नाही कळत मावशी. दोन इमारतींच्या मधे वारा गरगरतो, फसवतो. अंदाजपंचे काही करायचं नाही. छपरावरचा मोजा बघायचा." तेव्हा दोन गाळे सोडून एका छपरावर एक जुनाट मोजा होता. तो दाखवून मी तिच्याकडून घोकून घेतलं, अगदी बाबांसारखं. चहा गाळता गाळता मी मध्येच विचारायचे, "वाजला भोंगा! कुठे?" आणि ती हातातल्या गाळणीनं दिशा दाखवायची. खाडीकाठच्या बाईला मी वारा शिकवत होते. पुढे तो मोजा फाटून गेला आणि नवा कुणी लावला नाही.

गेल्या हिवाळ्यात नॉर्वेची एक कलाकार आली. चाळिशीची, हळू बोलणारी, कापडात काम करणारी. दुसऱ्याच दिवसापासून ती मला ताई म्हणायला लागली. आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांचे मोजे बघून ती हरखून गेली होती. तिला तसा एक बनवायचा होता, पण आत तार घालून कायमचा एकाच दिशेला ताठ केलेला. त्याचं शेपूट सदैव वायव्येकडे, म्हणजे खाडीवरून पार तिच्या देशाकडे राहणार होतं. तिची आई तिकडे वृद्धाश्रमात होती आणि आता लेकीला ओळखत नव्हती. "बाकीचे मोजे वाऱ्याचं ऐकतात," ती म्हणाली. "हा कुणाचं ऐकणार नाही. हा घराकडेच बघेल."

मला भरून आलं, खोटं कशाला बोलू? माझी आई जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं. तिच्याच शिलाई मशीनवर, खांदेश्वरच्या माझ्या घरी, मी तो मोजा शिवला. पॅराशूटचं कापड सुईखालून निसटत होतं, तरी टाके सरळ आले. तार मागच्या गल्लीतल्या वेल्डरनं वळवून दिली.

पण तो छपरावर चढवायचा हे एका बैठकीत ठरलं. संस्था चालवणाऱ्या मॅडम होत्या, ती होती, आणखी तिघं कलाकार होते. मी विचारलं, "रंग निळा केला तर?"

"मग तो मोजा वाटणारच नाही," ती म्हणाली.

मॅडम हसून म्हणाल्या, "ताई, लोकांना तो खरा वाटतो, हीच तर त्यातली गंमत आहे."

त्या खोलीत भोंग्याच्या भीतीत वाढलेली एकच बाई होती. पंधरा वर्षं ड्रिल घेतलेली एकच बाई होती. तिनं मान डोलावली. कलेतलं आपल्याला काय कळतं, आपण आपले पाण्याचे जार मोजावेत, असं मनात म्हणून मी मिठाची गुळणी धरली. अडाणी दिसायची भीती त्या क्षणी गॅसच्या भीतीपेक्षा मोठी ठरली. आजही हे लिहिताना कानशिलं तापतात.

मोजा चढला त्या दिवशी संध्याकाळी मावशीनं मान वर करून बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. "बरा केलास गो बाय. आता मना समोरच दिसते."

तेव्हाच सांगायला हवं होतं. टपरीवर चार गिऱ्हाइकं उभी होती. आणि सांगू कसं? हा मोजा खोटा आहे, आणि खोटा आहे म्हणूनच आम्ही तो लावलाय? ती हसली असती, किंवा मलाच वेड्यात काढलं असतं. उद्या निवांत सांगू म्हणून मी चहा संपवला. असे उद्या मग बरेच आले.

एका गोष्टीनं मला झोपवून ठेवलं. हिवाळ्यात सकाळी आमच्याकडे वारा डोंगरावरून खाडीकडे वाहतो. मी कामावर यायचे तेव्हा आमचा मोजा बरोबर असायचा. दुपारनंतर वारा फिरतो आणि खाडीकडून डोंगराकडे सुटतो. मग शेजारच्या कंपनीचा झेंडा, चिमणीचा धूर, मावशीच्या टपरीचं प्लॅस्टिक, सगळं डोंगराकडे आणि आमचा मोजा एकटा खाडीकडे. ते बघवत नव्हतं. म्हणून दुपारी मी वर बघायचंच सोडून दिलं.

आणि भोंगा वाजला तो दुपारीच.

मॅडम वाशीला गेल्या होत्या. चौघं कलाकार आणि मी जेवून उठत होतो. पहिल्या आवाजाला माझा हात ताटातच थिजला. चाचणीचा भोंगा थांबून थांबून वाजतो, हा थांबेना. मी ओढणी बेसिनच्या नळाखाली धरली, चौघांना टॉवेल भिजवायला लावले, आणि सगळ्यांना बाहेर काढलं. फाटकात आले आणि मान वर गेली. शेपूट खाडीकडे. म्हणजे गॅस हायवेकडे, म्हणजे आपण डोंगराकडे. बाबांची टप्पल जणू डोक्यात बसली आणि मी चौघांना घेऊन डोंगराकडे निघाले. मोजा मी स्वतः शिवलेला होता. तार मी वळवून घेतली होती. तरी निघाले.

मावशीची टपरी रिकामी होती. स्टोव्ह बंद केलेला, पातेल्यावर ताटली झाकलेली. पुढे बघितलं तर सात-आठ माणसं डोंगराकडे चालली होती, आणि त्यांच्या मागे, फेंगडी चालत, हिरवं लुगडं. मला केवढा धीर आला! शिकवलं ते हिनं लक्षात ठेवलं, असं वाटून मला त्या गडबडीतही बरं वाटलं.

पन्नासेक पावलं गेलो असू. नॉर्वेवालीनं माझी बाही ओढली. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. ती मागे आमच्या छपरावरच्या मोज्याकडे बोट दाखवत इंग्रजीत एवढंच म्हणाली, "ताई, तो माझा आहे."

त्याच वेळी वास आला. अमोनिया. मुतारीचा वास असतो तसाच, पण असा की नाकातून थेट डोक्यात सुई जावी. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी चिमणीकडे बघितलं. धूर आडवा होऊन डोंगराकडे चालला होता, आमच्याच बरोबर.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मी ओरडले, "बॅक! गो बॅक! हायवे, हायवे!" चौघं वळले. मी त्यांच्या पाठीला हात लावून त्यांना ढकलत होते आणि ओरडत होते, सगळं इंग्रजीत. पुढे हिरवं लुगडं दिसत होतं. फार तर पंचवीस पावलांवर. मागे फिरा, एवढेच दोन शब्द. मावशी, हा एकच शब्द. माझ्या तोंडून मराठी निघाली नाही. घसा आवळला होता म्हणावं तर इंग्रजी निघतच होती की! मी एकदा वळून बघितलं. ती मोज्यावर विश्वास ठेवून, एक हात गुडघ्यावर टेकवत, चालली होती. मग मी वळले आणि पळाले.

हायवेवर हवा स्वच्छ होती. मी माणसं मोजली. चार. परत मोजली. अग्निशमनच्या गाड्या आल्या, पोलिसांनी गल्ली अडवली. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका शीतगृहाची अमोनियाची नळी फुटली होती, असं कुणीतरी सांगितलं. माझ्या गळ्यात ओली ओढणी होती. पोलीस यायच्या आधी पाच-सात मिनिटं गल्ली मोकळी होती. ओला कपडा बांधून, वाकून, भिंतीच्या कडेनं कसं जायचं, हे मीच पंधरा वर्षं शिकवत होते. मी गेले नाही. मनाशी म्हणत राहिले की परदेशी पाहुणे माझ्या जबाबदारीवर आहेत. पाहुणे चांगले धडधाकट, रस्त्याकडेला उभे राहून घरी फोन करत होते. खरं एवढंच की मला मरायचं नव्हतं. ओठ आपोआप हलत होते, बाबा म्हणायचे ते बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हणत होते, आणि डोळे गल्लीच्या तोंडाला चिकटलेले. प्रत्येक माणूस बाहेर आला की मी रंग बघायचे. निळा शर्ट. खाकी. पांढरी बनियन. हिरवं काही येईना. मला वाटलं, ती मेली. मी तिला मारलं, आणि ते मी सोडून कुणालाच कधी कळणार नाही. आणि कळणार नाही या विचारानं मला किंचित सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहूनच ठेवते.

तासाभरानं अग्निशमनच्या माणसांनी डोंगराकडच्या सात-आठ जणांना बाहेर आणलं. बाकीचे डोळे चोळत चालत आले. पायानं मंद असल्यानं वासात जास्त वेळ राहिली ती एकटी मावशी. स्ट्रेचरवर होती, तोंडाला मास्क, लुगड्याचा पदर खाली लोंबत होता. तिला वाशीच्या हॉस्पिटलात नेलं.

दुसऱ्या दिवशी मी भेटायला निघाले तर नॉर्वेवाली म्हणाली, मी येणारच. ती रात्रभर रडली असावी.

वॉर्डात मावशी उशीला टेकून बसली होती, नाकात नळी, डोळे लाल. जवळ सून होती. मला बघताच मावशीनं हात पुढे केला. आवाज पार बसला होता, तिचा तो आवाज. "बाय, मोजा बगला मी. तू सांगलास तसाच केला. म्हनून वाचले." सुनेनं मला हात जोडले.

मी काही बोलायच्या आत नॉर्वेवाली पलंगाशी गुडघ्यांवर बसली आणि इंग्रजीत बोलायला लागली. सगळं सांगितलं तिनं. तो मोजा खोटा होता, तो माझ्या घराकडे वळवलेला होता, तुम्ही त्याच्यामुळे चुकीच्या दिशेला गेलात, चूक माझी आहे, मला क्षमा करा. मग ती थांबली आणि माझ्याकडे बघू लागली. तिच्याकडे मावशीची भाषा नव्हती. ती माझ्याकडे होती.

"काय बोलतंय गो ती?" मावशीनं विचारलं.

मी म्हटलं, "ती म्हणते, लवकर बऱ्या व्हा."

मावशीनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. नॉर्वेवाली हुंदके देऊन रडली. तिला वाटलं, क्षमा मिळाली. बाहेर आल्यावर तिनं मला मिठी मारली आणि म्हणाली, "किती मोठ्या मनाची बाई आहे." मी हो म्हटलं. त्या हो म्हणण्याइतकं हलकं मी आयुष्यात काही केलेलं नाही.

त्याच दुपारी आम्ही दोघी छपरावर गेलो. शिडी ती धरून होती, मी वर. पक्कडीनं तार कापून ओढून काढली. मोजा क्षणभर खांबाला लुळा पडून राहिला. मग वारा तोंडात शिरला, कापड फट्‌कन फुगलं आणि शेपूट गर्रकन फिरून डोंगराकडे गेलं. माझेच टाके, सरळ. तो मोजा तिनं तसाच ठेवून दिला, आणि महिनाअखेरीस ती गेली. मॅडमना काय घडलं ते कळलं. त्यांनी मला बाजूला घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, आपण हे कुठे बोलायला नको. जागा बंद पडेल." त्यांची भीती मला समजली. माझीही नोकरी त्याच जागेत होती.

टपरी तीन आठवडे बंद राहिली. येताजाता मी ते झाकलेलं पातेलं बघायचे. मावशी परत येईल याची मला भीती वाटत होती, आणि येणार नाही याचीही. हॉस्पिटलातून घरी गेल्यावर तिनं गावात सगळ्यांना सांगितलं होतं म्हणे, की कलाकेंद्रावाल्या बाईनं मोजा शिकवला म्हणून मी वाचले. हे मला तिच्या सुनेनं फोनवर सांगितलं, वर म्हणाली, आता शेजारच्या गल्लीतल्या टपरीवाल्यांनाही शिकवा. त्या फोननंतर मला कळलं की हे असंच सोडता येणार नाही. खोटं माझ्यापाशी थांबलं नव्हतं, पुढच्या गल्लीत निघालं होतं.

ती आली त्या सकाळी मी गिऱ्हाइकं हटेपर्यंत थांबले. मग उभ्यानंच सांगितलं. मोजा खोटा होता. मला माहीत होतं. शिवला मीच. हॉस्पिटलात ती परदेशी बाई माफी मागत होती, लवकर बऱ्या व्हा हे मी मनचं सांगितलं.

मावशी चहा ढवळत राहिली. मग म्हणाली, "मंग तू कंच्या बाजूला गेलीस?"

"आधी तुमच्याच मागे. मग हायवेकडे."

"मी पुडं व्हते?"

"हो."

"दिसत व्हते तुना?"

"दिसत होतात. हिरवं लुगडं."

ती खोकली. अजून खोकला होता. "मंग हाक का नाय मारलीस?"

मला वाटलं होतं ती मोज्याबद्दल विचारेल. त्याची उत्तरं मी तीन आठवडे तयार करून ठेवली होती. "घाबरले," मी म्हटलं. "त्यांना मारली. तुम्हाला नाही मारली."

तिनं चहा गाळला, ग्लास माझ्यापुढे ठेवला आणि पलीकडच्या ट्रकवाल्याकडे वळली. त्या दिवशी ती माझ्याशी आणखी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाय म्हणायची थांबली होती. चहा मात्र रोज देत होती, तोंडाकडे न बघता.

त्या आठवड्यात टपरीच्या बांबूला हिरव्या कापडाची एक लांब पट्टी दिसली. त्याच लुगड्याची, काठासकट फाडलेली. वारा असेल तिकडे ती उडत होती. आमचा मोजा आता खरा होता, दिवसभर बरोबर दिशा दाखवत होता, आणि ती एकदाही वर बघत नव्हती. मी चहा प्यायचे आणि त्या पट्टीकडे बघायचे.

महिन्याभरानं, दुपारी, मी फाटकातून पार्सल आत घेत होते आणि भोंगा वाजला. तो चाचणीचा होता, थांबून थांबून वाजणारा, पण हे मला मागाहून कळलं. तेव्हा पहिल्याच आवाजाला माझ्या हातातला खोका पडला. मान वर गेली आणि तिथेच अडकली. मोजा दिसत होता, पण बघूनही काही कळत नव्हतं. हा खरा की तार घातलेला, शेपूट कुठलं, तोंड कुठलं. तोंडातून इंग्रजी नाही, मराठी नाही, काहीच निघेना.

समोर मावशीनं स्टोव्ह बंद केला, पातेल्यावर ताटली ठेवली, हिरव्या पट्टीकडे एकदा बघितलं आणि हायवेकडे दोन पावलं टाकली. मग ती थांबली. वळली. मला तिथे खांबासारखं उभं बघितलं.

"आगो बाय!" ती ओरडली, त्या बसक्या, फाटक्या आवाजात, खोकत, पण अशी की सगळी गल्ली वळून बघायला लागली. "तितं क उभी ऱ्हायलीस? हिकडं ये! माज्या मागं ये!"